हिरूबाईची साक्ष

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मुलींना नाही, आमच्या ह्यांनाही नाही. शेवटच्या आजारात हे अंथरुणाला खिळले होते, तेव्हा एका दुपारी मी त्यांच्या पायांना तेल चोळत बसले होते आणि अगदी ओठांपर्यंत आलं होतं — तेवढ्यात त्यांनी डोळे उघडून विचारलं, "काही म्हणतेस?" आणि मी म्हटलं, "पेज आणू का?" राहिलं ते राहिलंच. पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हांला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते जात नाहीये. दोनदा कागद फाडला, हा तिसरा.

मग आताच का सांगते? गेल्या महिन्यात मी एक भाषण केलं म्हणून.

आयर्लंड नावाच्या देशाचं आता स्वतःचं सरकार झालं आहे, आणि त्या सरकारात एक खातं एका बाईकडे आहे — कारखान्यांत आणि धोबीघरांत राबणाऱ्या बायकांचं, गरीबखान्यांचं, असं काहीसं ते खातं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. केस पिकलेले, गळ्यापर्यंत बंद झगा, आणि तीच हनुवटी पुढे काढून उभं राहण्याची सवय. आमच्या गावच्या महिलामंडळाला कुठूनसं कळलं, की ही बाई तरुणपणी इथं ठाण्यात, तलावाच्या काठी राहत होती आणि तिला मराठी मी शिकवलं. मंडळाच्या मुली हार घेऊनच आल्या. "एवढ्या मोठ्या बाईंच्या तुम्ही गुरू! चार शब्द बोलाच." मी बोलले. चारच नाही, चांगला अर्धा तास बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आले आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते, अर्धी टाकून उठते. दाराशी जाते, परत येते. सून म्हणते, "सासूबाई, काही हरवलंय का?"

काय सांगू तिला?

ह्या बाई, नोराबाई, इथं आल्या तेव्हा मी बावीस वर्षांची होते. त्यांचे भाऊ आगगाडीच्या कामावर इंजिनियर होते. कल्याणच्या पलीकडे पुलांची दुरुस्ती चालली होती ती त्यांच्याकडे. नोराबाईंना लग्न करायचं नव्हतं आणि बंगल्यात बसूनही राहायचं नव्हतं. आमचे हे शाळेत मास्तर. त्यांची साहेबांशी ओळख झाली आणि आपल्या बायकोला थोडंफार इंग्रजी येतं, हे ह्यांनी मोठ्या अभिमानानं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी बाई आमच्या ओसरीवर हजर. पायांतले बूट काढायचे की नाही म्हणून घोटाळत उभ्या.

मला इंग्रजी कुणी शिकवलं? माझ्या दादानं. माहेरी, कल्याणला, आई स्वयंपाकात गुंतलेली असताना. बाहेर कळलं तेव्हा वडिलांचा मार त्यानं खाल्ला, माझ्यापर्यंत येऊ दिला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण दादा पुढे येणार आहे आणि तुम्ही त्याला नुसताच वाईट समजू नये असं मला — पाहा. अजूनही मी हेच करते आहे.

नोराबाई भराभर शिकल्या. "मी आला", "पाणी आली", असं काहीबाही बोलायच्या, पण बोलायच्या. बाजारात, घाटावर, कुणाशीही. त्यांच्या लहानपणी जमीनदारानं त्यांच्या कुटुंबाला घराबाहेर काढलं होतं. भांडीकुंडी रस्त्यावर, आणि आई त्या भांड्यांमध्ये बसलेली. बाई मला म्हणाल्या होत्या, "पुष्कळ लोक जमले, सगुणाबाई. वकील आला, पाद्री आला, पोलीस आले. सगळे बोलले. माझ्या आईला कुणी विचारलं नाही, बाई, तुझं म्हणणं काय? मला ते विचारायचं आहे. सगळ्यांना." राजकारण म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाईंचं राजकारण मात्र एवढ्याच एका वाक्यापासून सुरू झालं, हे मी छातीठोकपणे सांगेन. भाषणातही सांगितलं. टाळ्या त्याच वाक्याला पडल्या.

आणि त्यांनी पहिल्यांदा कुणाला विचारलं? खाडीपलीकडे, कळव्याच्या बाजूला, मिठागरावर काम करणाऱ्या आगरी बायकांना. बाई होडीतून पलीकडे जायच्या, बांधावर बसायच्या, पाट्या वाहणाऱ्या बायकांशी मोडकंतोडकं बोलायच्या. त्या बायकांत हिरू म्हणून एक होती. उंच, काळी, पायांच्या टाचा मिठानं फुटलेल्या. तिच्याकडून आणि इतरांकडून बाईंना काय समजायचं ते समजलं, आणि त्यांनी सरकारात अर्ज केला: एका खासगी मिठागरावर बायकांची झडती वाईट रीतीनं घेतात, आणि तिथला कारभारी त्यांना एकेकीला कोठीत बोलावतो.

अर्जाची स्वच्छ प्रत मी काढली. माझ्या अक्षरात. कारभाऱ्याचं नाव अर्जात नव्हतं. बाईंना ते ठाऊकही नव्हतं.

मला ठाऊक होतं. त्या मिठागराचा कारभारी माझा दादा.

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? बाई, हा माझा भाऊ, मला ह्यात घेऊ नका — एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं नाही. मी मनाशी म्हटलं, ह्या बायका वाढवून सांगतात. पहारेकऱ्यांचं काम असेल, दादाला पत्ताही नसेल. खरंच असं वाटत होतं का मला? अर्धं वाटत होतं. उरलेल्या अर्ध्याकडे मी पाहिलं नाही.

सरकारातून एक साहेब चौकशीला नेमले गेले. नवे होते, मराठीचा गंध नव्हता. नोराबाईंनी हट्ट धरला, की पुरुष दुभाष्यासमोर बायका बोलणार नाहीत, तेव्हा जबानी घेताना दुभाषी बाईच हवी. साहेबांनी मानलं, आणि ते काम माझ्याकडे आलं. आदल्या दिवशी दादा आमच्याकडे आला. वहिनीनं दिलेला लाडवांचा डबा घेऊन. ह्यांच्याशी शाळेच्या गप्पा मारल्या, मुलीला मांडीवर घेतलं. निघताना जोडे घालता घालता मला म्हणाला, "उद्या तू आहेस म्हणे. बरं झालं. घरचंच माणूस."

बस, एवढंच. त्यानं मला काही करायला सांगितलं नाही. हे मला आयुष्यभर छळत आलं आहे. त्यानं गळ घातली असती, धमकावलं असतं, तर त्याच्या नावावर काही टाकता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही खाडीकाठच्या एका खोलीत बसलो. टेबलापलीकडे साहेब, बाजूला नोराबाई, मध्ये मी, आणि समोर हिरू. तिला खुर्ची दिली होती. ती खालीच बसली. बाकीच्या बायका बाहेर पडवीत. दादाही बाहेर, पागोटं मांडीवर घेऊन बाकावर बसला होता. आत येताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

साहेबांनी विचारलं, मी हिरूला विचारलं, आणि हिरू बोलली. माझ्याकडे बघून बोलली, बाईमाणूस म्हणून. तिचे शब्द मला आजही तसेच्या तसे येतात. "बाय, तो कारभारी आमाना येकेकीला कोठीन बोलवतं. मीठ चोरलंस बोलतं. लुगरा सोर बोलतं. नाय सोरला त हजरी मांडीत नाय. माजे जावेला तीन येला बोलवली. ती आता जेवत नाय. कोनाशी बोलत पन नाय." कोठीत बोलावतो, चोरीचा आळ घेतो, लुगडं सोडायला लावतो, नाही म्हटलं तर दिवसाची हजेरी बुडवतो. धाकट्या जावेला तीनदा नेलं. आणि ती जाऊ आता जेवत नाही. पुढेही ती पुष्कळ बोलली. कोठीचं दार कुठल्या बाजूला, कडी कुठून लागते, तिथं खिडकी नाही — सगळं. ज्यानं त्या कोठीत पाऊल टाकलं आहे तोच सांगेल, असं.

नोराबाईंना हिरूचं हळू बोलणं कळायचं. हे असं धबधब्यासारखं, रडत, आपल्या बोलीत बोलणं त्यांना कळण्यासारखं नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. साहेबांनी लेखणी उचलली. मला म्हणाले, घाई नाही, सावकाश सांगा.

आणि मी इंग्रजीत सांगितलं: ही बाई म्हणते, झडती घेताना पहारेकरी उद्धटपणे बोलतात. कारभाऱ्यांविषयी तिची तक्रार नाही.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला बजावत आले, की तसले शब्द परपुरुषासमोर माझ्या तोंडून निघाले नाहीत, म्हणून मी थोडं गाळलं. लाज आडवी आली. खोटं. त्या गोष्टी सभ्यपणे सांगायचे इंग्रजी शब्द मला येत होते. अर्ज मीच उतरवून काढला होता ना? आणि मी नुसतं गाळलं कुठं? एक वाक्य पदरचं घातलं. दुसरं वाक्य हिरूचं नव्हतंच. ते माझं.

साहेबांनी लिहून घेतलं आणि अर्जावर बोट ठेवून नोराबाईंना म्हणाले, "इथं तर वेगळंच लिहिलंय. तुम्हांला भाषा नीट समजली होती ना?" बाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्या खुर्ची सोडून खाली हिरूसमोर बसल्या आणि आपल्या मराठीत म्हणाल्या, "हिरू, कारभारी? सांग. घाबरू नको. सांग."

हिरूनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता त सांगितला ना बाय! किती येला सांगू? माना काय लाज नाय?"

बाई माझ्याकडे वळल्या. "काय म्हणते?"

इथं अजून संधी होती. पहिल्या खेपेला माझी जीभ घसरली असं धरलं, तरी ही दुसरी खेप होती. बाहेर दादा खाकरला. मी म्हटलं, "ती म्हणते, माझं चुकलं. मला घरी जाऊ द्या."

झालं. आणखी कुणाची जबानी घेण्याची साहेबांना गरज वाटली नाही. एका पहारेकऱ्याला समज मिळाली. बाहेर पायऱ्यांवर नोराबाईंनी माझा हात धरला.  "ती घाबरली का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो. ह्या बायका ऐन वेळी घाबरतात." आणि पलीकडे हिरू पडवीतल्या बायकांना हातवारे करून काहीतरी सांगत होती, तिला वाटत होतं, आपलं काम झालं.

पुढच्या आठवड्यात हिरूला आणि तिच्या जावेला मिठागरावरून काढलं. जाऊ माहेरी गेली ती परत आली नाही. हिरू पारसिकच्या बाजूला दगडाच्या खाणीवर लागली असं कानावर आलं. नोराबाईंच्या भावाची बदली झाली. बहिणीनं खोटा अर्ज केला असा बोभाटा झाल्यावर त्यांना इथं राहणं कठीणच होतं. जाताना बाई हिरूला भेटल्या नाहीत. रागावल्या होत्या तिच्यावर. मला मात्र भेटल्या, गळ्यात पडून रडल्या.

आणि दादा? सणाला आला. जेवला. हात धुताना मला म्हणाला, "तू शहाणी आहेस." मी पंचा पुढे केला. मग मी त्याला पुन्हा जेवायला बोलावलंच नाही का? दर दिवाळीला बोलावलं. भाऊबीजेला ओवाळलं. तो सन्मानानं म्हातारा झाला आणि सन्मानानं गेला.

नोराबाईंची पत्रं यायची. वर्षा-दोन वर्षांनी एखादं. आधी त्या जमीनदारांविरुद्धच्या सभांतून बोलू लागल्या. मग तिकडे बायकांना गरीबखान्यांच्या मंडळांवर निवडून येता येऊ लागलं तेव्हा निवडून आल्या. मग नगरपालिकेवर. मग तुरुंगात, दोनदा. तुरुंगातून आलेल्या पत्रात त्यांनी शेवटी मराठीत लिहिलं होतं, "मी बरी आहे." मी ते सगळ्यांना दाखवलं होतं. मग त्यांच्या देशाची स्वतःची पार्लमेंट भरली तेव्हा तिच्यात, आणि आता सरकारात. बहुतेक पत्रांत हिरूचं नाव असायचं. हिरूकडून मी शिकले, असं त्या लिहायच्या. काय शिकल्या? ते त्यांनी मोघम ठेवलं होतं, आणि मी कधी विचारलं नाही.

ह्या वर्षीच्या पत्रात त्यांनी ते स्पष्ट लिहिलं. एका मोठ्या धोबीघरातल्या बायकांनी त्यांच्या खात्याकडे गाऱ्हाणं केलं होतं. चौकशी समिती बसली. बायकांचं म्हणणं, आम्हांला बोलवा, आम्ही येऊन सांगतो. नोराबाईंनी बोलावलं नाही. त्यांनी लिहिलं होतं: "मला हिरू आठवली. गरिबाला साक्षीला उभं करणं हा त्याच्यावर जुलूम आहे. ऐन वेळी त्याचं अवसान गळतं आणि मग सगळंच जातं. म्हणून त्यांच्या वतीनं मीच बोलते. गेली कित्येक वर्षं मी असंच करते. पण ह्या बायका माझ्या कचेरीबाहेर उभ्या राहून मलाच शिव्या देत आहेत, की तू आमचं ऐकून घेत नाहीस. सगुणाबाई, त्यांना काय हवं आहे ते मला समजत नाही."

मी पत्र वाचलं. घडी घातली. पुन्हा उघडलं. ज्या बाईला सगळ्यांना विचारायचं होतं, तिनं विचारणं बंद केलं होतं. कुणामुळे? हिरूमुळे म्हणते ती. किती बायका असतील त्या — ज्यांना एवढ्या वर्षांत खोलीत घेतलंच नाही, कारण खाडीकाठच्या एका खोलीत मी दोनदा खोटं बोलले?

आणि हे पत्र कपाटात असताना मी भाषण केलं. पत्र आधी आलं होतं, भाषण नंतर. क्रम उलटा असता तर बरं झालं असतं. तो तसा नाही.

भाषणानंतर आठ दिवसांनी मी होडी करून कळव्याला गेले. हिरूबाई जिवंत आहे असं मासळीवालीकडून कळलं होतं. सांगायचंच असं ठरवून गेले. ती अंगणात वाकटी मासळी वाळत घालत होती. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत, खाणीवर गेली. तिनं मला लगेच ओळखलं. "नोराबायची बाय," म्हणाली. पाट दिला, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. नोराबाई राज्यकारभारात गेल्या हे मी तिला सांगितलं तर खूश झाली. "बरी बाय व्हती ती. मानूस बोलला त आयकायची."

मी तोंड उघडणार, एवढ्यात तीच म्हणाली, हातानं वाकट्या उलटत, माझ्याकडे न पाहता, "बाय, येक सांग. त्या दिशी मी येवरा बोलले. आन तू सायबाला येवरासाच बोललीस. माना तवाच वाटला व्हता, कायतरी कमी परला. काय कमी परला गं?"

तिनं मोजलं होतं. भाषा कळत नव्हती तरी लांबी कळत होती. एवढी वर्षं ती प्रश्न धरून बसली होती आणि तो विचारण्यासाठी ती कधी माझ्या दारी आली नाही.

मी काय म्हटलं असेल? मी गेलेच होते त्यासाठी. अंगणात तिसरं कुणी नव्हतं. दादा जाऊन नऊ वर्षं झाली, ज्यांच्यासमोर मान खाली गेली असती ते हेही गेले. भीती कशाची होती?

मी म्हटलं, "हिरूबाई, इंग्रजी भाषा आटोपशीर असते. थोडक्यात पुष्कळ सांगून होतं."

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग हसली. "असंल. मंग तिकरची मान्सा लवकर मोकली व्हत असतीन."

आणि मीही हसले. तिच्याबरोबर हसले. सुनेनं चहा आणला, तो प्याले, आणखी एक कप घेतला, आणि ती पोहोचवायला धक्क्यापर्यंत आली.

नोराबाईंच्या पत्राला मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. लिहीन की नाही, ते तुम्हांला खात्रीनं सांगू शकत नाही. माझ्यावर माझा भरवसा किती ठेवावा हे तुम्ही पाहिलंच. हिरूबाई त्या दिवशी घाबरली नव्हती. तिनं सगळं सांगितलं होतं — माणसानिशी, जागेनिशी, न चुकता. घाबरून जी खोटं बोलली ती मी, आणि घाबरट हे नाव मी तिला लावलं.